गुरुवारी ताई नसतात

लोकांना वाटतं, जाडी कमी करायचं ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं. पोट लहान केलं, माणूस बारीक झाला, जुन्या पँटी भावाला दिल्या, संपलं. आमचं काम त्यानंतर सुरू व्हायचं. बरा झालेला पेशंट पुन्हा पुन्हा तपासणीला आणायचा, हे ते काम. नाशकातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी ते बरीच वर्षं केलं. पदाचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं, पण पेशंट मला फोनवाल्या ताई म्हणायचे. त्याआधी मी वॉर्डात सिस्टर होते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आमच्या सर्जननी, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, मला एक खुर्ची, एक टेबल आणि एक फोन दिला. मी स्वतः चांगली भरभक्कम बाई आहे. जाडी कमी करायच्या विभागात ही कशाला बसवलीय, असं नव्या लोकांच्या तोंडावर दिसायचं. मग तेच लोक खुर्ची पुढे ओढून मनातलं बोलायचे. आमच्या आहारतज्ज्ञ मुलीशी ते कधी तसे बोलले नाहीत, कारण ती बिचारी काडीसारखी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या ऑपरेशनात पोटाचा मोठा भाग काढून टाकतात. उरतो तो केळ्याएवढा. माणूस चार घासांत तृप्त होतो आणि वजन उतरतं. पण चार घासांत शरीराला लागणारं सगळं मिळत नाही. म्हणून गोळ्या घ्यायच्या, त्या जन्मभर. रक्त तपासायचं, सुरुवातीला दर काही महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा, तेही जन्मभर. ऑपरेशनच्या आधी हे सगळ्यांना सांगतात आणि सगळे मान डोलावतात. ऑपरेशनच्या आधी माणूस कशालाही मान डोलावतो.

पहिली तपासणी कुणी चुकवत नाही, कारण टाके असतात. दुसरीलाही येतात, कारण वजन उतरलेलं दाखवायचं असतं. पुढे एकेक गळायला लागतो. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण कुणीतरी आमच्या विभागात बसूनच तयार केली असावी. आणि न येणाऱ्यांत दोन जाती. एकाचं सगळं छान चाललेलं असतं, म्हणून तो येत नाही. दुसऱ्याचं वजन पुन्हा चढलेलं असतं, म्हणून तो येत नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला असलेले एक गृहस्थ होते, आपण त्यांना गायकवाड म्हणू. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे फक्त पातळ पदार्थ घ्यायचे असतात. हे तिसऱ्या आठवड्यात पोट धरून आले. काय खाल्लंत विचारलं तर शपथेवर सांगतात, काही नाही. शेवटी बायकोने तोंड उघडलं, "मिसळ."

"मिसळ नाही ओ ताई," गायकवाड म्हणाले, "नुसता रस्सा घेतला. फरसाण नाही, पाव नाही. तुम्हीच लिक्विड सांगितलं होतं ना?"

सर बाहेर जाऊन हसून आले. मी मात्र त्या दिवसापासून पातळ पदार्थांची यादी सांगताना शेवटी 'मिसळीचा रस्सा नाही' असं म्हणायला लागले. नाशकात ते सांगावंच लागतं. हे गायकवाड पुढे माझे सगळ्यांत नेमाने येणारे पेशंट झाले. चूक पकडली गेली की माणसाला लपायचं काही उरत नाही.

लपणारे वेगळे. जुन्या नाशकातले एक कापडाचे व्यापारी, त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणत. वजन परत चढलं तसा त्यांनी माझा फोन घेणं सोडलं. एकदा घेतला तो आवाज बदलून. "हाजीसाहब बाहर गये है. कब आयेंगे, मालूम नहीं."

मी म्हटलं, "हाजीसाहेब, आवाज ओळखते मी तुमचा. तुमच्या दुकानातून दोन साड्या घेतल्यात."

मग मूळ आवाजात, "ताई, आनेको शरम आती है. वो काटा तुम्हारा बीच हॉल में है."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा वजनकाटा वेटिंग हॉलच्या मधोमध ठेवलेला होता, मोठ्या लाल आकड्यांचा. ज्यांचं उतरलं त्यांच्यासाठी लोक टाळ्या वाजवायचे. ज्यांचं चढलं त्यांच्यासाठी कुणी काही म्हणायचं नाही, आणि ते टाळ्यांपेक्षा जास्त ऐकू यायचं. मी सरांच्या मागे लागून काटा आतल्या खोलीत नेला, दाराला पडदा लावून घेतला. हाजीसाहेब आले. त्यांच्यामागोमाग आणखीही काही रुसलेले परतले. निरोप समारंभात माझ्या कामाबद्दल सर बरंच काही बोलले, पण मला अभिमान आहे तो त्या पडद्याचा.

आता जिच्यासाठी लिहायला बसले तिच्याकडे येते. खरं तर टाळत होते.

तिचं नाव सुवर्णा म्हणू. सुवर्णाचे वडील लहानपणीच गेलेले, आईने शिलाईचं काम करून तिला वाढवलं, पदवीपर्यंत शिकवलं. पोरगी हुशार, देखणी, पण वजन खूप. स्थळं येत आणि चहा पिऊन जात. शेवटी आईने दागिने मोडले आणि तिला आमच्याकडे आणलं. ऑपरेशन झालं, वजन झरझर उतरलं. वर्ष व्हायच्या आत लग्न जमलं. मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टला, घर दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षाची बाग. लग्नाची पत्रिका घेऊन दोघी आल्या आणि आई माझ्यासमोर हात जोडून बसली.

"ताई, तिकडं ऑपरेशनचं काही सांगितलेलं नाही. तुम्ही फोन करू नका तिला."

मी म्हटलं, फोन तर करावाच लागेल. गोळ्या सोडून चालणार नाही, आणि दीड वर्ष तरी दिवस राहू द्यायचे नाहीत. आई रडकुंडीला आली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं म्हणणं. सुवर्णाच मग म्हणाली, "ताई, तुम्ही शिवणक्लासच्या बाई व्हा. मी घरी सांगेन, क्लास करतेय म्हणून."

या धंद्यात असली सोंगं नवी नव्हती. कुणाच्या फोनमध्ये मी गॅस एजन्सी होते, कुणाच्या फोनमध्ये विमावाली. जाड असण्याची लाज असते तशी बारीक कशाने झालो याचीही असते. पित्ताचे खडे काढले म्हणून सांगणारे तर निम्मे. तर मी शिवणाची बाई झाले. लग्नानंतर मी फोन करायचे आणि तो बहुतेक वेळा सासू उचलायची, कारण सुवर्णा कामात असायची.

सासूबाई वाईट असत्या तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्या वाईट नव्हत्या. मोकळ्या, बोलघेवड्या, सुनेचं कौतुक असलेल्या. "लय गुणाची हाय पोरगी," म्हणायच्या, "पण खातच नाय ओ बाई. चिमणीवाणी खाती. तुम्ही सांगा ना तिला, तुमचं ऐकती." मी बरं म्हणायचे. एकदा सुवर्णा तपासणीला आली ती पिशवीत ब्लाउजपीस घेऊन. सासूने पाठवलेलं, मापाच्या ब्लाउजसकट. बाईंच्या हातचं शिवून आण म्हणून. आम्ही दोघी हसलो, आणि मग हसायचं थांबलो. मला साधा काजही करता येत नाही. मी ते आमच्या गल्लीतल्या टेलरकडून शिवून घेतलं आणि पाठवून दिलं. सासूबाईंचा मुद्दाम फोन आला. बाह्या अगदी मनासारख्या बसल्या होत्या.

त्यानंतरची तपासणी तिने चुकवली. द्राक्षाची छाटणी होती. पुढची चुकवली, नणंदेचं लग्न होतं. मी फोन करत राहिले. एकदा सुवर्णाने उचलला आणि हळूच सांगितलं की गोळ्या संपल्यात, आणायला जमलं नाही, माहेरी जाईन तेव्हा आणते. मग बरेच दिवस फोन लागेना. लागला तो सासूबाईंनीच घेतला. आवाजात आनंद आणि काळजी एकत्र.

"गोड बातमी हाय बाई. दिवस गेल्यात तिला. पण लय उलट्या व्हत्यात ओ. पाण्याचा घोट टिकत नाय. दोन-तीन आठवडं झालं असतील."

मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का.

"दाखवलं ना. गावातला डॉक्टर येतो घरी, ग्लुकोजची बाटली लावतो. आजबी यायचा हाय संध्याकाळी. पण बाई, काल तिला काय झालं काय माहीत. मोरीत जाताना भिंत धरून गेली. मला म्हणती, आत्याबाई, तुम्ही दोन दोन दिसता."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले, हे मला नक्की आठवतं. इथे पुन्हा थोडं समजावून सांगते. बी-वन नावाचं एक जीवनसत्त्व असतं. साखर वापरायला शरीराला ते लागतं. पोट लहान केलेल्या माणसाला सारख्या उलट्या झाल्या, गोळ्या नसल्या, की ते संपतं. मग नजर फिरते, तोल जातो. अशा वेळी आधी बी-वनचं इंजेक्शन न देता ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलंही त्यात जातं आणि मेंदूवर बेततं. आठवण जाते, आणि गेलेली परत येईलच असं नाही. गावातल्या डॉक्टरचा यात दोष धरता येत नाही. उलट्यांनी गळून गेलेल्या गरोदर पोरीला तो बाटली लावणारच. आपल्याकडे डॉक्टरने बाटली लावली नाही तर लोक डॉक्टर बदलतात. तिचं पोट कापलेलं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, सुवर्णाला फोन द्या जरा."

त्यांनी तिच्या कानाला लावला. मी म्हटलं, "सुवर्णा, मी ताई. नीट ऐक. ऑपरेशनचं घरी सांगावं लागेल. मी सांगू का?"

पलीकडून जडशीळ आवाजात, "कोण? कोण बाई?"

मी पुन्हा नाव सांगितलं, क्लासचं सांगितलं. ती म्हणाली, "आई आली का?" तिने मला ओळखलं नाही. फोन परत सासूबाईंकडे गेला आणि मी त्यांना सांगितलं. मी शिवणाची बाई नाही. मी हॉस्पिटलातून बोलते आहे. तुमच्या सुनेचं लग्नाआधी जाडी कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालंय. आता तिला बाटली लावू देऊ नका, डॉक्टर आला तर माझ्याशी बोलायला सांगा, आणि आहे तशी गाडीत घालून इकडे आणा.

"कसलं ऑपरेशन?" त्या एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

त्या आणतील की नाही, मला माहीत नव्हतं. आणलं. द्राक्षाच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकून आणलं. नवरा सातपूरहून कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. सर दारात उभे होते, इंजेक्शन तयार होतं. सासूबाईंनी सुनेला स्ट्रेचरवर दिलं, पदर सावरला आणि माझ्याकडे वळल्या. अंगात तेच ब्लाउज होतं.

"तुम्हीच का त्या शिवणाच्या बाई?"

मी हो म्हटलं. त्या तशाच स्ट्रेचरमागे गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सुवर्णा वाचली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नजर जागेवर आली, चालणं ताळ्यावर यायला काही महिने गेले, पोटातलं मूलही राहिलं. सर सगळ्यांदेखत म्हणाले की जीव वाचला तो ताईंमुळे. वॉर्डातल्या मुलींनी मला चहा पाजला. आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये सुवर्णाची आई बाकावर बसून होती, कारण तिला आत सोडायचं नाही असं सासूबाईंनी सांगितलं होतं. सुनेला त्यांनी टाकलं नाही. उशाशी बसून चमच्याने पेज भरवली. पण विहिणीला म्हणाल्या, "पोरीला काय हाय ते सांगितलं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं का तिला? तुमच्यापायी मेली असती ती आमच्या घरात. आता आमचा उंबरा चढायचा नाय." यातलं खोटं काय होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी सुवर्णाच्या खाटेपाशी गेले. ती भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "ताई, तुम्ही मला विचारायचं होतं."

मी विचारलं होतं. तिला ते आठवत नव्हतं, आणि का आठवत नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नुकत्याच सावरलेल्या पोरीशी वाद कुठे घालायचा? मी 'हो गं' म्हटलं आणि तिच्या गोळ्या वेळेप्रमाणे लावून ठेवल्या. आमचं ते शेवटचं बोलणं.

पुढे तिने माझा फोन घेतला नाही. मी सरांना सांगितलं, हिचं काम शीतलकडे द्या. शीतल म्हणजे माझ्या हाताखाली आलेली बाई, दोन मुलांची आई, धोरणी. तिला मी सुवर्णाबद्दल कधी विचारलं नाही. आपण ज्याला तपासणीला बोलवायचं तोच आपल्यामुळे येत नाही, हे ऐकायची तयारी नव्हती. दुनियेला सांगत फिरायचे, रिपोर्ट बघायला घाबरू नका, आणि मी स्वतः घाबरत होते.

अधूनमधून सुवर्णाच्या आईचा फोन यायचा. बारशाला बोलावलं नव्हतं. नातू कसा आहे, कुणासारखा आहे, काही कळत नव्हतं. मुलगी चोरून फोन करायची तोही सासरी कळल्यावर बंद झाला. म्हणायची, "ताई, ती तपासायला येत असंल ना तुमच्याकडं? पोराला आणत असंल. मला दिवस सांगा फक्त. मी लांबून बघीन, गेटाबाहेरून. बोलणारसुद्धा नाही."

मी दर वेळी सांगायचे, "ती येत नाही हो आता. आली तर मी तुम्हाला कळवते." मला खरंच तसं वाटत होतं. काही काळाने त्या बाईने विचारायचं सोडलं.

मी निवृत्त झाले त्या दिवशी पुष्पगुच्छ झाला, शाल झाली. मला मिठाईचा मोठा पुडा दिला, हेही आमच्या विभागाला शोभेसंच. आवरून निघताना कामं सोपवायची म्हणून शीतलला म्हटलं, जे येत नाहीत त्यांच्यामागे लागत राहा. मनात होतं म्हणून बोलून गेले, "ती सुवर्णा. तिच्याही."

शीतल म्हणाली, "सुवर्णा? अहो ताई, ती तर येते. एकही तपासणी चुकवत नाही. मुलाला घेऊन येते. पोरगा भारी वात्रट आहे, काट्यावर उड्या मारतो."

मी म्हटलं, मला कशी कधी दिसली नाही?

शीतल शालीची घडी करत होती. तिने ती पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "गुरुवारी येते ती, ताई. आदल्या दिवशी फोन करून विचारते, उद्या मोठ्या ताई नसतात ना?"

गुरुवार माझ्या सुट्टीचा वार. इतकी वर्षं गुरुवारी मी सकाळी उशिरा उठायचे, पोहे करायचे, दुपारी वाती वळायचे. आणि आमच्या विभागात ज्यांना आता फोन करावा लागत नाही अशा मोजक्या पेशंटांपैकी एक, त्या पडद्याआड काट्यावर उभी असायची. तिची आई तेव्हा शहरातच शिलाई करत बसलेली असायची, आणि तिला मी सांगून ठेवलं होतं की ती येत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन फोन हातात घेतला. आईला सांगितलं तर ती पुढच्या गुरुवारपासून गेटाबाहेर उभी राहिली असती. लावायचाच बाकी होता. मग खाली ठेवला. एकदा न विचारता बोलले, निदान तिच्या हिशेबी तरी न विचारता. दुसऱ्या दिवशी शीतलला सांगितलं, ती येईल तेव्हा एवढं विचार, तुझ्या आईला तुझा दिवस कळवायचा का? हो म्हणाली तरच. काही महिन्यांनी शीतलने विचारलं. सुवर्णा म्हणाली, "बघते." तेवढंच. आणि जाताना तिने विचारलं म्हणे, मोठ्या ताई कुठे असतात हल्ली? शीतलने सांगितलं, त्या रिटायर झाल्या.

परवा शीतलचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, आज सुवर्णा आली होती. आणि आई होती बरोबर. मुलगा आजीचं बोट सोडत नव्हता. आजीने त्याला शर्ट शिवलाय, तोच घालून आला होता. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना."

मी म्हटलं, छान झालं. खरंच छान झालं. डोळ्यांना पाणी आलं माझ्या. सासूबाईंचा राग कसा उतरला, कुणी आधी कुणाला फोन केला, हे काही शीतलला माहीत नव्हतं, आणि मला विचारायचा अधिकार नव्हता. फोन ठेवता ठेवता माझ्या लक्षात आलं.

"शीतल, आज सोमवार ना गं?"

ती उतरल्या आवाजात म्हणाली, "हो, ताई."

"बरं," मी म्हटलं. "बी-ट्वेल्व्ह किती आलं तिचं?"

चांगलं आलं होतं.